गोल होत नसताना पुढच्या सामन्याआधी काय बदलावे: आघाडीवीर की चढाईची वाट?

सलग दोन-तीन सामन्यांत चेंडूवर ताबा आपला, कॉर्नर आपल्याला जास्त, प्रतिस्पर्धी संघ निम्मा वेळ स्वतःच्या गोलपुढे गर्दी करून उभा, आणि तरीही गोलफलकावर शून्य, अशी अवस्था झालेल्या संघाच्या प्रशिक्षकाकडे पुढच्या सामन्याआधी फार तर पाच-सहा दिवस असतात. या दिवसांत त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली म्हणजे दोष गोल मारणाऱ्याचा आहे असे मानून आघाडीवीर बदलणे किंवा सरावात त्याच्याकडून शेकडो फटके मारून घेणे. दुसरी म्हणजे दोष संधीचा आहे असे मानून चेंडू गोलपर्यंत नेण्याची पद्धतच बदलणे. प्रेक्षकांची मागणी जवळजवळ नेहमी पहिल्या वाटेची असते, कारण हुकलेला फटका सर्वांना दिसतो, न मिळालेली संधी कोणालाच दिसत नाही. या दोन्ही वाटा शेजारी ठेवून पाहण्यासाठी अलीकडच्या काळातील दोन राष्ट्रीय संघांची उदाहरणे मला सर्वांत उपयोगी वाटतात: २०२१ च्या युरो स्पर्धेतील स्पेन आणि २०२५ मधील आशियाई चषक पात्रता फेरीतील भारत. गोलचा दुष्काळ दोघांच्याही वाट्याला आला, मात्र त्यामागचे दुखणे एक नव्हते.

स्पेनचा पहिला सामना १४ जून २०२१ रोजी सेव्हिलमध्ये स्वीडनशी झाला आणि ०-० असा सुटला. चेंडू जवळजवळ पूर्ण वेळ स्पेनकडेच होता. पूर्वार्धात आल्व्हारो मोराता गोलरक्षकासमोर एकटा पोचला आणि त्याने चेंडू बाहेर घालवला. पाच दिवसांनी पोलंडविरुद्ध मोराताने गोल केला, पण लेवांडोव्स्कीने बरोबरी साधली. त्यानंतर जेरार मोरेनोने मारलेली पेनल्टी खांबाला लागली आणि परत आलेला चेंडूही मोराताला जाळीत घालता आला नाही. हा सामना १-१ असा सुटला. या काळात स्वतःच्याच देशातील प्रेक्षक मोराताची हुर्यो उडवत होते आणि त्याच्या कुटुंबालाही धमक्या आल्या. तिसरा सामना स्लोव्हाकियाशी होता, आणि तो जिंकला नसता तर स्पर्धेतील वाटचाल तिथेच थांबण्याची भीती होती.

प्रशिक्षक लुईस एन्रिके यांनी मोराताला बाहेर बसवले नाही. पोलंडच्या सामन्याआधीच त्यांनी संघात मोराता आणि बाकीचे दहा जण असतील अशा अर्थाचे विधान करून त्याच्यावरील विश्वास जाहीर केला होता, आणि तिसऱ्या सामन्यातही तो सुरुवातीपासून खेळला. बदल झाले ते त्याच्या मागे आणि बाजूला. मध्यभागी सर्जिओ बुस्केट्स परतला, उजव्या बगलेच्या बचावात आस्पिलिक्वेटा आला, मध्यवर्ती बचावात एरिक गार्सिया आला आणि आघाडीच्या फळीत पाब्लो साराबियाला स्थान मिळाले. सामन्याच्या सुरुवातीलाच मोराताने पेनल्टी घालवली, तेव्हा टीकाकारांचे म्हणणे खरे ठरणार असेच वाटले असेल. प्रत्यक्षात स्पेनने तो सामना ५-० असा जिंकला. त्यांतील दोन गोल स्वयंगोल होते हे लक्षात घेतले तरी उरलेले तीन गोल कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. लापोर्टचा गोल मोरेनोच्या क्रॉसवर, म्हणजे बगलेवरून गोलपुढे टाकलेल्या चेंडूवर, हेडरने (डोक्याने मारून) झाला, साराबियाचा गोल डाव्या बाजूने आलेल्या जॉर्डी आल्बाच्या पासवर झाला, आणि मोराताच्या जागी आलेल्या फेरान टोरेसने मैदानात उतरल्यावर मिनिटभरातच साराबियाच्या पासवर टाचेने चेंडू जाळीत घातला. तिन्ही वेळा बगलेवरून आलेल्या चेंडूवर गोलच्या अगदी जवळून शेवटचा स्पर्श झाला. पुढे क्रोएशियाविरुद्ध जादा वेळेत आणि उपांत्य फेरीत इटलीविरुद्ध मोरातानेही गोल केले.

यावरून विश्वास ठेवला की गोल होतातच असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. स्पेनच्या संधी पहिल्या दोन सामन्यांतही चांगल्या होत्या, आणि चांगल्या संधी मिळवणारा संघ दोन सामन्यांत दुर्दैवी ठरला तरी तिसऱ्यात तसाच दुर्दैवी ठरण्याचे कारण नसते, हा खरा मुद्दा आहे. फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल होतो. पेनल्टीसुद्धा चारपैकी एक हुकते, आणि पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारलेल्या शंभर फटक्यांपैकी तीन-चारच जाळीत जातात. इतक्या कमी प्रमाणाच्या खेळात दोन सामन्यांच्या हिशेबावरून कोणाच्या पायात गोल उरला नाही असे ठरवणे म्हणजे दोन दिवसांच्या उघडिपीवरून पावसाळा संपला असे ठरवण्यासारखे आहे.

भारताचे प्रकरण वरवर पाहता असेच दिसते, आत मात्र ते वेगळे आहे. २०२४ मध्ये भारतीय पुरुष संघाने ११ सामने खेळले, त्यांत ४ गोल केले आणि एकही सामना जिंकला नाही. जूनमध्ये कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य सामन्यानंतर सुनील छेत्री निवृत्त झाला, आणि मग सगळ्या चर्चेचा रोख एकाच प्रश्नावर राहिला: छेत्रीच्या जागी कोण? मार्च २०२५ मध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझ यांनी छेत्रीलाच निवृत्तीतून परत बोलावले. म्हणजे संघाने पहिली वाट धरली, गोल मारणारा बदलण्याची, आणि तोही वयाच्या चाळिशीत असलेल्या आपल्या सर्वोत्तम गोलवीराला परत आणून. शिलाँगमध्ये मालदीवविरुद्ध ३-० असा विजय मिळाला व त्यांतील एक गोल छेत्रीचा होता. पण सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध पात्रता फेरीचा पहिला सामना ०-० असा सुटला. जूनमध्ये हाँगकाँगला पूर्वार्धात आशिक कुरुनियनने गोलच्या तोंडाशी मिळालेली संधी दवडली आणि भरपाई वेळेतील पेनल्टीवर भारत हरला.

ऑगस्टमध्ये खालिद जमील प्रशिक्षक झाले. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरमध्ये १-१ अशी बरोबरी झाली, त्यानंतर मडगावच्या फातोर्डा मैदानावर भारत सिंगापूरकडूनच १-२ असा हरला आणि आशियाई चषकाची दारे बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यातही ०-१ असा पराभव झाला. या पाच सामन्यांत भारताचे दोनच गोल झाले, आणि ते कसे झाले हे मला गोलांच्या संख्येहून महत्त्वाचे वाटते. सिंगापूरमधील रहीम अलीचा गोल प्रतिस्पर्धी बचावपटूच्या चुकलेल्या पासवर झाला; फातोर्ड्यातील लालियनझुआला छांगटेचा गोल पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून मारलेल्या सुंदर फटक्याचा होता. दोन्ही गोल खेळाडूंच्या श्रेयाचे आहेत, पण दोन्हींपैकी एकही चढाई रचून, बगलेवरून किंवा मधून वाट काढून मिळवलेल्या संधीचा नाही. समोरच्याची चूक आणि लांबून बसलेला फटका या दोनच मार्गांनी ज्या संघाचे गोल होतात, त्या संघात आघाडीवर कोणालाही उभे केले तरी त्याच्या पायाशी चेंडू पोचणार नाही. आशिकची हुकलेली संधी म्हणूनच मोराताच्या हुकलेल्या संधीसारखी मानता येत नाही. स्पेनला त्याच सामन्यात पुढची संधी मिळणार होती. भारताला ती बहुधा मिळणार नव्हती, आणि त्यामुळे एका खेळाडूच्या एका स्पर्शावर अवाजवी भार पडला. इंडियन सुपर लीगमधील बहुतेक संघ मधला आघाडीवीर परदेशी घेतात, भारतीय आघाडीवीर बगलेवर किंवा राखीव बाकावर जातात, हे कारण खरेच आहे. पण ते पाच दिवसांत दूर होणारे नाही आणि पुढच्या सामन्याच्या निर्णयात त्याचा उपयोगही नाही.

आता निर्णय घेणाऱ्या प्रशिक्षकाकडे येऊ. कोल्हापूरच्या तालीम संघाचा असो, गोव्यातील गावच्या क्लबचा असो किंवा पुण्या-मुंबईतील शाळेचा असो, त्याच्याकडे आकडेवारीची यंत्रणा नसते, आणि तिची गरजही नाही. मागच्या दोन-तीन सामन्यांचे मोबाइलवरचे चित्रण असेल तर तेवढे पुरते. नसेल तर पुढच्या सराव सामन्यात एका राखीव खेळाडूच्या हाती वही द्यावी. वहीत मैदानाच्या गोलकडच्या भागाचे चित्र काढावे, आपला प्रत्येक फटका जिथून मारला गेला तिथे खूण करावी आणि खुणेशेजारी तीन गोष्टी लिहाव्यात: फटका पायाने मारला की डोक्याने, चेंडू कुठून आला, आणि गोल व मारणारा यांच्यामध्ये गोलरक्षकाखेरीज किती जण उभे होते. तासाभराच्या या कामातून बहुधा उत्तर मिळते. खुणा दोन्ही खांबांच्या समोर, पेनल्टीचा ठिपका आणि गोल यांच्या दरम्यान दाटल्या असतील तर तुमचा संघ स्पेनसारखा आहे. त्या पेनल्टी क्षेत्राच्या टोकावरील अर्धवर्तुळाबाहेर आणि कोपऱ्यांकडे विखुरल्या असतील, आणि जवळच्या खुणा बहुतेक गर्दीतल्या हेडरच्या असतील, तर तुमचा संघ भारतासारखा आहे, मग ताबा कितीही आपला असो.

पहिल्या प्रकारच्या संघाने आघाडीवीर बदलला तर त्यात तोटा अधिक आहे असे माझे स्पष्ट मत आहे. जो खेळाडू वारंवार संधी दवडतो तोच वारंवार योग्य जागी पोचलेला असतो. त्याची धाव, बचावपटूच्या मागून सुटण्याची त्याची वेळ, त्याच्यामुळे इतरांना मिळणारी मोकळी जागा हे सगळे त्याच्याबरोबर बाहेर जाते. नवा मुलगा नेमका फटका मारतो म्हणून आणावा आणि नव्वद मिनिटांत त्याला फटक्याची जागाच मिळू नये, असे मैदानावर पुष्कळदा घडते. फटक्यांच्या सरावाबाबतही अपेक्षा माफक ठेवावी. आठवडाभरात कोणाचा डावा पाय तयार होत नाही. ओळीत उभे राहून, ठेवलेल्या चेंडूवर, समोर बचावपटू नसताना मारलेले फटके हात वर करून टाळ्या घेण्यापुरते चांगले. सामन्यात चेंडू उसळत येतो, खांद्याला खांदा लागलेला असतो आणि मारायला अर्धा सेकंद असतो. सराव करायचाच असेल तर मागून एक बचावपटू धावत सोडावा, चेंडू बाजूने यावा, आणि पहिल्याच स्पर्शात पायाच्या आतल्या बाजूने खालच्या कोपऱ्यात मारण्याची अट घालावी. वीस मिनिटे पुरेत. सामन्याच्या आदल्या दिवशी तर याहून जास्त नकोच, कारण थकलेल्या पायाने हुकलेले फटके मनात घर करतात. या संघाच्या प्रशिक्षकाने सर्वांसमोर सांगावे की तोच मुलगा खेळणार आहे, आणि मग त्या शब्दावर ठाम राहावे.

दुसऱ्या प्रकारच्या संघाला पाच दिवस कमी वाटतील, पण माझ्या मते याच वाटेवर त्या दिवसांचे मोल सर्वाधिक मिळते, कारण इथे खेळाडूचे कौशल्य बदलायचे नसून सवय बदलायची असते. सवयीचे सर्वांत सामान्य रूप असे: विंगर (बगलेवरून चढाई करणारा खेळाडू) चेंडू घेऊन बाजूच्या रेषेजवळ पोचतो, मान वर न करता लांबून उंच क्रॉस टाकतो, आणि प्रतिस्पर्धी संघाचे दोन उंच बचावपटू तो डोक्याने बाहेर काढतात. त्याऐवजी विंगरने आणखी आठ-दहा पावले गोलरेषेपर्यंत जावे आणि चेंडू जमिनीवरून मागे, पेनल्टीच्या ठिपक्याकडे ढकलावा. बचावपटू त्या क्षणी स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावत असतात, गोलरक्षक जवळच्या खांबाशी चिकटलेला असतो, आणि मागून येणाऱ्या मध्यरक्षकाला चेंडू समोरून मिळतो. यासाठी तीन धावा ठरवून द्याव्या लागतात: एक जवळच्या खांबाकडे, एक लांबच्या खांबाकडे आणि एक मागे ठिपक्याकडे, तीही मुद्दाम उशिरा. ही उशिराची धाव शिकवणेच कठीण असते, कारण प्रत्येकाला गोलजवळ आधी पोचायचे असते. मंगळवार-बुधवारी बचावपटूंशिवाय, गुरुवारी बचावपटूंसह आणि शुक्रवारी फक्त आठवण म्हणून, एवढ्या सरावावर रविवारच्या सामन्यात अशा दोन-तीन संधी मिळवणे शक्य आहे.

या वाटेचीही किंमत आहे आणि ती आधीच ओळखावी. विंगर आणि मध्यरक्षक दोघेही पुढे गेल्यावर चेंडू हातचा गेला तर मागे मैदान मोकळे राहते. म्हणून ज्या बाजूने चढाई होते त्याच्या विरुद्ध बाजूच्या बचावपटूने पुढे न जाता मध्यभागी सरकून थांबावे. प्रतिस्पर्धी संघाकडे वेगवान आघाडीवीर असेल तर हा नियम पहिल्या मिनिटापासून लागू करावा. आणि बरोबरीही चालणार असेल, तर ही वाट उत्तरार्धासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. स्पेनसारख्या अवस्थेतील संघाला हा धोका पत्करण्याची मुळात गरजच नसते.

कॉर्नर आणि फ्री किक यांचा विचार दोन्ही प्रकारच्या संघांनी करावा, कारण त्यांवरचा सराव कमी वेळात होतो आणि कोणालाही बाहेर बसवावे लागत नाही. गोल होत नसलेल्या २०२४ या वर्षातच भारताचा मलेशियाविरुद्धचा गोल राहुल भेकेने कॉर्नरवर डोक्याने केला होता. दोन ठरलेल्या चाली पुरेत. पाच शिकवल्या तर एकही लक्षात राहत नाही.

राहिला पेनल्टीचा प्रश्न. तो सामन्याआधी, लेखी आणि नावानिशी सोडवावा, कारण गोलसाठी आसुसलेल्या संघात पेनल्टी मिळताच सगळ्यांची नजर त्या दुष्काळी आघाडीवीराकडे जाते आणि त्याचा आत्मविश्वास परत यावा म्हणून चेंडू त्याच्याच हाती दिला जातो. स्पेनच्या उदाहरणात मोरेनो आणि मोराता या दोघांच्याही पेनल्टी हुकल्या हे ध्यानात घेऊन मी ती जबाबदारी अशा मध्यरक्षकाला किंवा बचावपटूला देईन, ज्याच्या मागे न झालेल्या गोलांचे ओझे नाही. आघाडीवीराला साठ-पासष्टाव्या मिनिटाला बदलायचे असेल तर तेही त्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे, म्हणजे बाहेर येताना ती त्याला शिक्षा वाटणार नाही आणि आत जाणारा खेळाडू पहिल्या मिनिटापासून त्या वेळेच्या तयारीत बसलेला असेल.