फॉरमॅट न करता लॅपटॉप दुरुस्त झाला

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं टेरी टॉवेलचं छोटं युनिट आहे. माग आणि कामगार मिस्टर बघतात, गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. पूर्वी नमुने कुरिअरने जायचे. आता व्यापारी इंदूरचा असो की कोचीचा, आधी व्हिडिओ कॉलवर माल बघतो. टॉवेल उलगडायचा, पाइल, म्हणजे टॉवेलवरचे उभे धागे, बोटाने उलटी करून दाखवायची, कापलेला तुकडा काट्यावर ठेवून जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते सांगायचं. याला दोन्ही हात लागतात, म्हणून फोन नाही, लॅपटॉपच. त्यावर भाच्याने विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून दिलंय. मला त्याची सवय झाली आहे आणि ते सोडायचं नव्हतं.

दिवाळीनंतर कॉल मध्येच जायला लागला. वीस-पंचवीस मिनिटं बरी जायची, मग ब्राउझरची खिडकीच नाहीशी व्हायची. नेट चालू, बाकी सगळं चालू. व्यापाऱ्याला वाटायचं, भाव विचारला की ताई फोन ठेवतात. एक ऑर्डर त्यातच गेली आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

आधी दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे लिनक्सचं नाव ऐकताच एकच उत्तर मिळालं: फॉरमॅट मारू, विंडोज टाकू. त्या डिस्कवर आमच्या दहा वर्षांच्या काठांच्या डिझाइन आहेत. मी लॅपटॉप उचलून परत आले.

मग नवी पेठेतल्या या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या दादांनी लॅपटॉप उघडायच्या आधी विचारलं, "ताई, कॉल जातो म्हणजे नेमकं काय होतं? खिडकी गायब होते, चित्र थिजतं, की मशीनच गोठतं?" हा प्रश्न मला तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. त्यांनी समजावलं की तिन्हींची कारणं वेगळी असतात. चित्र थिजून आवाज चालू राहिला तर नेट किंवा कॅमेरा बघायचा. सगळं मशीन गोठलं तर ग्राफिक्स किंवा तापणं. नुसती खिडकी गेली तर तो प्रोग्रॅम स्वतः पडला, नाहीतर कोणीतरी त्याला मारलं.

कॉल कधी गेला त्या वेळा मी ऑर्डरच्या वहीत लिहून ठेवल्या होत्या. दादांनी कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत जर्नलसीटीएल चालवून मशीनची नोंदवही काढली आणि वही शेजारी ठेवली. माझ्या वहीत ११ वाजून ४२ मिनिटं, तिथेही ११:४२, आणि पुढे ओळ: आउट ऑफ मेमरी, किल्ड प्रोसेस, म्हणजे मेमरी संपली म्हणून प्रोग्रॅम मारला, त्यापुढे ब्राउझरचं नाव. रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ४ जीबी. ती भरत आली की लिनक्सचा गाभा सगळं मशीन अडकू नये म्हणून जास्त मेमरी खाणारा प्रोग्रॅम निवडून बंद करतो. व्हिडिओ कॉल चालू असताना तो नेमका ब्राउझर असतो. माझे बिलांचे आणि रेटचे पंधरा टॅब शेजारी उघडे असायचे, तेही त्यात धरा.

पुढचं मला सगळ्यात भावलं. त्यांनी लगेच रॅम विकली नाही. आधी झेडरॅम चालू करून दिलं, म्हणजे मेमरीतलाच काही भाग दाबून बसवायचा आणि जागा करायची. त्याला पैसे नाहीत. "चार दिवस बघा, भागलं तर रॅम नको," म्हणाले. कॉल पाऊण तासापर्यंत टिकू लागला, पण पुरेना. मग ८ जीबीची पट्टी घातली.

दोन आठवडे छान गेले. मग चार-पाच जणांच्या कॉलमध्ये खिडकी पुन्हा गेली, आणि या वेळी मेमरी अर्धी रिकामी होती. मी जरा रागातच दुकानात गेले. दादांनी नवा युजर काढून त्यात कॉल लावला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या एक्स्टेन्शनचा दोष आहे का ते कळावं. तिथेही पडलं. मग प्रोग्रॅम पडताना त्याची अवस्था साठवून ठेवणारं साधन बसवलं आणि पुन्हा पडलं की काहीही न करता आणा म्हणाले. तिसऱ्या दिवशी नेलं. पडण्याची जागा ग्राफिक्स ड्रायव्हरच्या, म्हणजे ग्राफिक्स चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये निघाली. समोरच्यांचं चित्र उलगडायचं काम ब्राउझर ग्राफिक्सकडे देतो, तिथेच गडबड होत होती. ब्राउझरच्या सेटिंगमधलं हे काम ग्राफिक्सकडे देणारं हार्डवेअर अ‍ॅक्सलरेशन बंद केलं आणि पडणं थांबलं.

याचा तोटाही त्यांनी तेव्हाच सांगितला, म्हणून सांगते. ते काम मग प्रोसेसरवर येतं, पंखा जोरात फिरतो, मशीन तापतं. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या पुढे असताना, आमच्या पत्र्याखालच्या ऑफिसात हे सोपं नाही. म्हणून समोरून येणारं चित्र कमी स्पष्टतेच्या ३६० वर ठेवायला शिकवलं. माझा कॅमेरा मात्र ७२० वरच, कारण पाइल दिसायला हवी. जूनमध्ये मेसाचं, म्हणजे लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचं, अपडेट आलं, तेव्हा दादांनी फोन करून बोलावलं आणि अ‍ॅक्सलरेशन परत चालू करून बघितलं. त्यानंतर कॉल पडलेला नाही. परवा एका निर्यातदाराशी पावणेदोन तास बोलले, सगळे अकरा रंग एकेक करून दाखवले.

खर्च: तपासणीचे दोन्ही वेळचे मिळून ६०० रुपये, रॅमचे वेगळे. तिसऱ्या-चौथ्या फेरीचे काही घेतले नाहीत.

दोन गोष्टी सुधारायला हव्यात. काय काय बदललं ते लिहून मिळत नाही. मी मागून घेतलं तेव्हा बिलाच्या मागे चार ओळी मिळाल्या. हे प्रत्येकाला द्यायला हवं, कारण उद्या दादा नसले तर दुसऱ्याला काय सांगायचं? आणि माणूस एकटाच आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत दोनदा जाऊन दुकान बंद मिळालं. आधी फोन करा.

जाताना कॉल गेल्याच्या वेळा लिहून न्या, आणि चार्जर न्या. पहिल्या दिवशी मी चार्जर विसरले होते, त्यांच्याकडच्या एकाही चार्जरची पिन बसेना, आणि अक्कलकोट रोडला परत जाऊन यावं लागलं.