फुटलेला रेड ५ अ‍ॅरे व्हर्च्युअली जोडणं: आर-स्टुडिओ आणि डीडीरेस्क्यू काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या उन्हाळ्यापासून मी आर-स्टुडिओ या डेटा परत मिळवायच्या सॉफ्टवेअरमधला व्हर्च्युअल रेडचा भाग वापरून राहिलो आहे, म्हणजे फुटलेला रेड (अनेक डिस्क मिळून केलेली एकच मोठी जागा) फक्त सॉफ्टवेअरमध्ये परत जोडून पाहणं. नागपुरातल्या छोट्या ऑफिसांची आणि फोटो स्टुडिओंची नॅस (नेटवर्कवर फाइली ठेवायचा डिस्कचा बॉक्स) आणि कॉम्प्युटरची कामं करतो, त्यामुळे मेलेले अ‍ॅरे, म्हणजे असे जोडलेल्या डिस्कचे संच, अधूनमधून हाताशी येतातच. टूल एकदम दमदार आहे, पण ते काय सांगू शकत नाही हे आधी माहीत पाहिजे, नाहीतर सगळं मिळालं असं वाटते आणि नेमका पाहिजे तो डेटा सडका निघतो.

यातली सगळ्यात शिकवणारी केस धरमपेठेतल्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओची. चार डिस्कचा नॅस, प्रत्येक ४ टीबी, रेड ५. एक डिस्क हिवाळ्यातच अ‍ॅरेतून बाहेर पडली होती, बॉक्स बीप करत होता, कोणीतरी तो बीप बंद केला आणि काम चालू राहिलं. मग मे महिना, पारा ४५ च्या वर, बंद खोली, आणि दुसरी डिस्क गेली. बॉक्स म्हणे नवीन व्हॉल्यूम बनवू का, मालकांनी नशिबाने तिथे हो म्हटलं नाही. त्यांना पाहिजे होती ती मधल्या काळातली लग्नसराई, म्हणजे पहिली डिस्क पडल्यानंतरचे फोटो.

रेड ५ मध्ये होते काय तर प्रत्येक स्ट्राइपमध्ये (चारही डिस्कवरच्या एकेका ब्लॉकच्या ओळीत) तीन डिस्कवर डेटा आणि चौथीवर त्यांचा एक्सऑर (१ विषम वेळा असेल तर १, नाहीतर ०), म्हणजे पॅरिटी. १, ० आणि १ चा एक्सऑर ०, आता मधला ० हरवला तर १, १ आणि पॅरिटीचा ० एक्सऑर करा, परत ० मिळतो. एक डिस्क नसली तरी गणित सुटते, दोन नसल्या की नाही. आणि रिबिल्ड करताना, म्हणजे नवीन डिस्क घालून गेलेलीचा डेटा परत भरताना, दुसरी डिस्क का जाते तर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, इथे १२ टीबी. साध्या डिस्कच्या स्पेकमध्ये १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटमागे एक न वाचता येणारा सेक्टर (डिस्कवरचा सगळ्यात लहान तुकडा) धरलेला असतो, तो हिशोब साधारण १२.५ टीबीचा पडतो. प्रत्यक्षात डिस्क बहुतेक वेळा त्यापेक्षा बऱ्या निघतात, पण म्हाताऱ्या आणि तापलेल्या डिस्कवर रिबिल्ड लावणं मला पटत नाही.

म्हणून पहिलं काम इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी फाइलमध्ये कॉपी. स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) ५, १९७ आणि १९८ नंबरचे आकडे पाहायचे, म्हणजे बदललेले सेक्टर, पेंडिंग सेक्टर आणि न वाचता येणारे, आणि मग डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कची इमेज काढणारं टूल. फुकट आहे आणि माझ्या मते या सगळ्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे. आधी सोपा भाग पटापट काढून घेते, अडणारी जागा सोडून पुढे जाते, अवघड सेक्टरवर नंतर येते, आणि कुठवर वाचलं ते मॅपफाइलमध्ये लिहून ठेवते, त्यामुळे मध्येच लाइट गेली तरी तिथून पुढे सुरू. चांगली ४ टीबी डिस्क १५० एमबीच्या स्पीडने साधारण साडेसात तास घेते, अडखळणारी किती घेईल त्याचा नेम नाही. चारही इमेज ठेवायला १६ टीबी जागा लागते, हा खर्च लोकं धरत नाहीत आणि मग मूळ डिस्कवरच प्रयोग करतात. उन्हाळ्यात डिस्क उघड्यावर ठेवून साध्या टेबल फॅनची हवा द्या, कूलरची ओली हवा नको. आणि डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच बंद करा, ते डिस्कमधल्या वाचणाऱ्या हेडचं काम आहे, लॅबमध्येच गेलं पाहिजे.

इमेज हातात आल्या की आर-स्टुडिओ. इमेज उघडायच्या, व्हर्च्युअल ब्लॉक रेड बनवायचा, डिस्कचा क्रम, ब्लॉक साइज (एका डिस्कवर सलग किती डेटा), पॅरिटी एका डिस्कवरून दुसरीवर कशी फिरते ते आणि ऑफसेट (डेटा डिस्कवर कुठून सुरू होतो ते) द्यायचा. डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही, चुकलं तर बदला आणि परत पहा, हाच तर याचा खरा फायदा. हातानेच करायचं म्हटलं तर चार डिस्कचे २४ क्रम, पॅरिटीच्या नेहमीच्या चार पद्धती, १६ ते ५१२ केबीपर्यंत सहा ब्लॉक साइज, म्हणजे ५७६ जोड्या. ऑटोमॅटिक शोध हे काम करून देतो, आमच्याकडे ६४ केबी आणि लेफ्ट सिंक्रोनस निघालं, लिनक्सवाले त्यालाच लेफ्ट सिमेट्रिक म्हणतात.

आता खरी गोष्ट. हिवाळ्यात पडलेली डिस्क एकही सेक्टर न अडता पूर्ण वाचली गेली, आणि मे मध्ये गेलेलीत खराब सेक्टर होते. कोणालाही वाटेल की स्वच्छ तीन घ्याव्या आणि खराब सोडावी. इथेच डेटा जातो! पडल्या दिवसापासून त्या स्वच्छ डिस्कवर काही लिहिलंच गेलं नाही, ती महिने मागे आहे. बरेच घरगुती नॅस आतून लिनक्सचाच रेड वापरतात, त्यामुळे लिनक्सच्या एमडीएडीएम या रेड टूलच्या एक्झामिन कमांडने इमेजमधला सुपरब्लॉक (अ‍ॅरेची माहिती असलेला भाग) वाचता येतो, त्यात इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांचा आकडा) आणि शेवटच्या अपडेटची वेळ असते. तीन इमेजचे आकडे जवळजवळ सारखे, चौथीचा खूप मागे.

मालकांना कळावं म्हणून दोन्ही अ‍ॅरे बांधून दाखवले. जुनी डिस्क घेऊन बांधला तर फोल्डर दिसतात, मागच्या वर्षीचे फोटो झकास उघडतात, आणि लग्नसराईचे फोटो अर्धे बरोबर नि मग रंगीत पट्टे, कारण जुन्या डिस्कचे ब्लॉक तर शिळे आहेतच, वर त्यांच्यावरून काढलेले गायब डिस्कचे ब्लॉकही चूक. जुनीच्या जागी मिसिंग डिस्क (नसलेल्या डिस्कची रिकामी जागा, तिचा डेटा बाकीच्यांवरून निघतो) टाकली आणि खराब सेक्टरवाली आत घेतली तेव्हा सगळं जुळलं, फक्त न वाचलेल्या सेक्टरवर पडलेल्या बोटावर मोजण्याइतक्या फाइल गेल्या. ऑटोमॅटिक शोध क्रम सांगतो, पण कोणती डिस्क शिळी आहे हे बघणं आपलं काम, आणि मी आता प्रत्येक केसमध्ये ते क्रम शोधायच्या आधी करतो.

तपासायची पद्धत पण सांगतो. छोटी फाइल उघडली म्हणून खूश होऊ नका, ६४ केबीपेक्षा लहान फाइल एकाच ब्लॉकमध्ये बसू शकते, क्रम चुकला तरी ती उघडेल. २५-३० एमबीची रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ फोटो फाइल) पूर्ण उघडून पहा, मोठी झिप टेस्ट करा, आणि पहिली डिस्क पडल्यानंतरच्या तारखेच्याच फाइल निवडा.

डेमोमध्ये अ‍ॅरे बांधून फाइली बघता येतात, पण मोठ्या फाइल बाहेर काढायला लायसन्स घ्यावं लागते. मला हा सौदा रास्त वाटतो, पैसे द्यायच्या आधी काय मिळणार ते डोळ्याने दिसते. जुळलेल्या अ‍ॅरेचं वर्णन सेव्ह करता येते, ते करा, दुसऱ्या मशीनवर परत डोकेफोड होत नाही. एसएसडीवर ट्रिम (डिलीट झालेली जागा आतून मोकळी करणं) चालून गेलेल्या डिलीट फाइली यातून परत येत नाहीत, आणि व्हॉल्यूम एन्क्रिप्ट केलेला असेल तर अ‍ॅरे कितीही बरोबर जुळला तरी की, म्हणजे एन्क्रिप्शनची किल्ली, असल्याशिवाय आतलं काही वाचता येत नाही, त्यामुळे केस घेताना मी सगळ्यात आधी कीबद्दलच विचारतो.