कुंपण छाटल्यावर: श्रेडर घ्यावा की जाळीची कणगी?

कुंपण छाटायचे पैसे मिळतात, ढीग उचलायचे मिळत नाहीत. हे काम करणाऱ्याला एवढं सांगितलं की पुढचं आपोआप कळतं.

गेली सात वर्षं मी कोथरूड-बावधनच्या सोसायट्यांमध्ये ड्युरांटा, कोयनेल, कुंती अशी कुंपणं छाटतोय. दोन माणसं, एक छोटा हत्ती, दोन पेट्रोल ट्रिमर, एवढाच पसारा. पूर्वी ढीग कोपऱ्यात वाळवून काडी लावायची पद्धत होती. अजून कोणी लावत असेल तर सोडा. घनकचरा नियमांप्रमाणे बागेचा कचरा वेगळा ठेवायचा असतो, रस्त्यात टाकायचा किंवा जाळायचा नसतो. २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळण्याला ५ हजार रुपयांपासून पुढे दंड लावला. ‘गोशाळेला देऊन टाका’ असंही दर महिन्याला कोणीतरी सुचवतं. ड्युरांट्याची पिवळी फळं आणि पाला गुरांना बाधतो, कण्हेर तर जीवच घेते. तेव्हा तो विषयही संपला.

राहिले दोन मार्ग: श्रेडर, म्हणजे पाला-फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, नाहीतर जाळीची कणगी, म्हणजे जाळी गोल वळवून त्यात माल कुजवून खत करायचं. दोन्ही मी करून पाहिलेत.

श्रेडर मी आधी घेतला, तोही हौसेने. वापरलेला, पाच अश्वशक्तीचा, थ्री-फेजवर चालणारा. त्याचं चांगलं ते आधी सांगतो. फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत त्याला तोड नाही. टेम्पोभर पाचोळा चार-पाच पोत्यांत मावतो, आणि शेणकाला शिंपडून ठेवला तर माझ्या अनुभवाने दोन-अडीच महिन्यांत हाताला खत लागतं. नारळाच्या झावळ्या, बॉटल पामची पानं, अंगठ्याएवढ्या फांद्या यांना दुसरा उपायच नाही. तुमच्या कामात झाडांच्या फांद्या जास्त आणि कुंपणं कमी असतील, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. श्रेडर घ्या.

पण हा हिशेब कोरड्या मालाचा झाला. कुंपणाचं खरं काम येतं पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर ड्युरांटा तीन आठवड्यांत वीतभर वर येतो, आणि तो माल ओला, कोवळा, पानांनी गच्च. श्रेडरची पाती त्याला कापत नाहीत, कुटतात. देठांची साल दोऱ्यासारखी सुटून शाफ्टला गुंडाळते, पानांचा लगदा खालच्या चाळणीच्या भोकांत बसतो आणि मोटरचा आवाज बसतो. तेवढ्यात बंद केलं तर ठीक, नाहीतर बेल्ट जळाल्याचा वास. मग मेन स्विच पाडायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचे, तेरा नंबरच्या पान्याने चार बोल्ट सोडायचे, झाकण उचलायचं आणि पालकाच्या भाजीसारखा हिरवा गोळा स्क्रूड्रायव्हरने उकरून काढायचा. झाकण लावायचं, पाच मिनिटं चालवायचं, परत आवाज बसतो.

श्रावणातल्या एका दुपारी बावधनला मी मोजलं: साडेतीन तासांत अकरा वेळा. एक माणूस मोटरवर छत्री धरून उभा, मी झाकणापाशी उकिडवा, आणि अर्धं कुंपण अजून छाटायचं बाकी. अकराव्या वेळी आमचे माळीमामा शांतपणे म्हणाले, “दादा, ट्रिमरने एकदा कापलंच आहे की हे.”

खरंच होतं ते. कुंपणाची छाटणी म्हणजे काडीएवढ्या जाडीचे, फार तर हातभर लांबीचे तुकडे. मामा तेव्हापासून वरची वाढ एका झटक्यात उतरवत नाहीत. आधी वरचे चार इंच, मग खालचे चार इंच, असे दोन फेरे मारतात. वेळ थोडा जास्त जातो, पण खाली पडतो तो तयार बारीक माल. तरी लांब राहिलंच तर लॉनवर पसरून त्यावरून गवत कापायचं मशीन एकदा फिरवायचं.

त्यानंतर कणगी. साडेदहा फूट वेल्डमेश (तारांची जोडलेली जाळी) घ्यायची, चार फूट उंचीची. अर्धा फूट एकावर एक येईल अशी गोल वळवून तारेने बांधायची. तीन फुटांहून थोड्या जास्त व्यासाची कणगी होते, पोटात साधारण नऊशे लिटर. याहून फार लहान करू नका, ढीग तापत नाही. मार्चचा पाचोळा पोत्यांत भरून जिन्याखाली ठेवायचा आणि जुलैत हिरव्याबरोबर थर द्यायचे. पुस्तकात कर्ब-नत्राचं (कार्बन-नायट्रोजनचं) प्रमाण २५ ते ३० ला १ असं असतं, मामांचं एक पाटी हिरवं, दोन पाट्या वाळलेलं. हिरव्यात नत्र भरपूर, त्यामुळे शेण नसलं तरी अडत नाही. जुन्या खताच्या दोन मुठी विरजण म्हणून टाकल्या की पुरे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मधोमध पहार खुपसून पाच मिनिटांनी काढा. टोक हातात धरवत नाही. ते पाहिलं की समितीतल्या शंकेखोर काकांचंही समाधान होतं, निदान आमच्याकडे झालं.

कणगीचे त्रास नाहीत असं नाही. खत व्हायला पाच-सहा महिने लागतात. आषाढात भरलेली कणगी संक्रांतीच्या आसपास चाळतो. मुसळधार पावसात वर पोतं टाकायला विसरलात तर आंबूस वास सुटतो, आणि वासाची तक्रार आवाजाच्या तक्रारीपेक्षा लवकर येते. कडेचा माल कोरडाच राहतो, म्हणून महिन्यातून एकदा जाळी सोडून शेजारी उभी करायची आणि ढीग उलटा भरायचा. बोगनवेल यात टाकू नका, काटे महिनोन्‌महिने तसेच राहतात. मामांच्या तळव्यात एक गेला होता. साप-उंदरांची भीती प्रत्येक सोसायटीत निघते. खरकटं टाकलं नाही तर उंदीर फारसे फिरकत नाहीत, एवढं मी माझ्यापुरतं सांगू शकतो.

एक फायदा मला उशिरा कळला. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यसंधारण यांपैकी एक प्रकल्प असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सवलत देते. थंड झालेल्या कणगीतला माल गांडुळांना फार मानवतो, त्यामुळे कणगीशेजारी गांडूळखताचा वाफा करायला समिती पटकन तयार होते. अटी मात्र आधी क्षेत्रीय कार्यालयात विचारून घ्या, माझ्या भरवशावर राहू नका.

जागा अगदीच नसेल, किंवा खत दोन महिन्यांत हवंच असेल, तर श्रेडर वाईट नाही. उन्हाळ्यात भाड्याने आणून पाचोळ्यापुरता चालवला तर उत्तमच. आम्हीही वर्षातून दोन दिवस तसा आणतो. पण पावसाळ्यात कुंपणासाठी म्हणून कोणी विचारलं, तर मी त्याला आधी जाळीच्या दुकानाचा पत्ता देतो.

माझा श्रेडर गेल्या दिवाळीत विकला. घेणारा अलिबागकडचा, नारळाची वाडी असलेला. झावळ्यांसाठीच हवाय ना, हे मी दोनदा विचारून घेतलं. तेरा नंबरचा पाना सुतळीने मशीनलाच बांधून दिला.