इसबगोल की लोपेरामाइड?

ठाण्याहून लोकल पकडायची, डब्यात शौचालय नाही आणि शौचाची कळ आली की धीर धरवत नाही. मलावर ताबा न राहणं, चेष्टेचा विषय नाही हा. गुदद्वाराशी दोन गोल स्नायू: आतला आपोआप आवळलेला राहतो, बाहेरचा आपण आवळतो. पातळ मल दोघांनाही गुंगारा देतो.

इसबगोलाचा भुसा पाणी शोषून मल बांधतो. स्वस्त, पण रोज घ्यावा लागतो. काहींचं पोट फुगतं.

लोपेरामाइड ही जुलाब थांबवायची गोळी आतड्यांची चाल मंद करते, आतला स्नायूही थोडा घट्ट करते. प्रवासाआधी सोयीची. मात्र म्हाताऱ्या माणसांत कडक मल अडकून बाजूने पातळ झिरपतो, जुलाबच वाटतात. तिथे ही गोळी घोळ वाढवते. म्हणून माझा कौल आधी भुशाला. गोळी डॉक्टरांनी तपासल्यावरच. रक्त पडत असेल तर तपासणी लगेच.