शाब्दिक उदाहरणं: आधी पट्टी की थेट 'एक्स मानू'?

सहावी-सातवीच्या मुलांना शाब्दिक उदाहरणं शिकवताना दोन वाटा समोर असतात. एक म्हणजे दिलेली माहिती चौकटींच्या पट्ट्या काढून मांडायची, दुसरी म्हणजे 'एक्स मानू' म्हणून समीकरण लिहायचं. कोल्हापूरच्या राजारामपुरीत शिकवणी घेताना मी दोन्ही वापरतो. घरी मुलाला घेऊन बसणारे पालक "सर, सुरुवात कशानं करू?" असं विचारतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

समीकरणाची बाजू भक्कम आहे. ते सहावीच्या पुस्तकात येतंच आणि आठवीनंतर त्याच्याशिवाय पान हलत नाही. पट्टीची पद्धत सिंगापूरच्या प्राथमिक शाळांतून 1980च्या दशकात पुढे आली. आपल्याकडे काही पालकांना ती लहान मुलांची चित्रकला वाटते.

आता हे उदाहरण बघा. दोन अडत्यांकडे मिळून गुळाचे 96 रवे (ढेपा) आहेत. पहिल्याकडे दुसऱ्याच्या तिप्पट आहेत, तर पहिल्याकडे किती? दुसऱ्याचे एक्स, पहिल्याचे तीन एक्स, मिळून चार एक्स, म्हणून एक्स बरोबर 24. मूल उत्तराखाली दोन रेघा ओढतं आणि पेन ठेवतं. विचारले होते पहिल्याचे, म्हणजे 72.

मला सगळ्यात जास्त सलते ती हीच गोष्ट. समीकरण बरोबर, आकडेमोड बरोबर आणि मार्क शून्य. यात मुलाचा निष्काळजीपणा नसतो. एक्स मांडल्यावर पुढच्या ओळींत ना अडते उरतात, ना गूळ, ना प्रश्न. मग एक्स सापडला की काम झालं, असंच त्याला वाटणार. शिष्यवृत्तीसारख्या बहुपर्यायी परीक्षेत तर 24 हा पर्याय बहुतेक वेळा समोर मांडलेलाच असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी 1945 साली उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या; त्यातली शेवटची, उत्तराकडे पुन्हा वळून बघण्याची, मुलं नेमकी इथं गाळतात. "परत वाच" असं कितीही सांगितलं तरी माझ्या वर्गात फारसा फरक पडला नाही.

पट्टीत वरच्या ओळीला तीन चौकटी, खाली एक, बाजूला कंस करून 96. आकडेमोडीला हात लावण्याआधी प्रश्नचिन्ह कुठं, ते मी विचारतो. ते वरच्या तीन चौकटींवर पडतं आणि तिथंच राहतं. एक चौकट 24 ची निघाली तरी प्रश्नचिन्ह डोळ्यांसमोर असतं, म्हणून मूल आपोआप पुढं जातं. भास्कराचार्यांचं इष्टकर्म, म्हणजे एक सोयीची संख्या धरून उत्तर काढण्याची रीत, हीही या चौकटींच्या फार जवळची आहे. दुसऱ्याकडे एकच रवा धरला तर एकूण चार होतात. आहेत 96, म्हणजे सगळं 24 पट. बाराव्या शतकातली ही रीत सांगितली की पोरं कान देऊन ऐकतात.

पट्टी सगळीकडे चालते असं मात्र नाही. 'एका संख्येच्या पाचपटीतून 7 वजा केले, तर तिच्या तिपटीत 9 मिळवल्याइतकं उत्तर येतं' अशा ठिकाणी चौकटी कापत बसण्यापेक्षा समीकरण कितीतरी सुटसुटीत. ऋण संख्या आल्या की चित्र अडतंच. काही मुलं मोजपट्टी घेऊन रेघा सरळ करण्यातच वेळ घालवतात, त्यांना हातानंच काढायला लावा.

तुमचं मूल आठवीत असेल आणि समीकरणात रुळलं असेल, तर त्याला मागं नेऊ नका. फक्त पहिल्या ओळीत 'एक्स म्हणजे दुसऱ्याचे रवे, विचारलेत पहिल्याचे' एवढं लिहायला लावा. सहावीच्या मुलाला मात्र, मला विचाराल तर, वर्षभर पट्टीच द्यावी. सातवीत त्याच चौकटीच्या आत एक्स लिहायला सांगावं. चार चौकटी मिळून 96 हे त्याला आधीच माहीत असतं, त्यामुळे चार एक्स बरोबर 96 लिहिताना तो अडत नाही.