पणजीची एक दिवसाची सहल: गाडी उत्तम, भाऊंना मात्र दहाच मिनिटं

गेल्या महिन्यात पणजीतल्या एका सहलवाल्यांची दिवसभराची गाडी घेतली, माहितगारासकट. कारण एकच, यादीत मिरामारची भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी होती. आम्ही मूळचे पेडण्याचे, भाऊंचा जन्मही पेडण्याचाच. सोबत चौऱ्याऐंशी वर्षांची आई.

गाडी वेळेवर आली, स्वच्छ होती. ड्रायव्हरदादा आईला प्रत्येक ठिकाणी हात धरून उतरवत होते. त्यांना पैकीच्या पैकी गुण.

नाराजी माहितगाराबद्दल. समाधीपाशी म्हणाला, "गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. विलीनीकरण यांनीच रोखलं. दहा मिनिटांत निघू." अहो, नेमकं उलटं! भाऊ गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ मतं विरोधात पडली, १,३८,१७० बाजूने. भाऊ हरले. आणि दोन-अडीच महिन्यांत त्याच गोंयकारांनी भाऊंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाला निवडून देऊन त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. एवढी एक गोष्ट नीट सांगितली असती तरी माणूस कळला असता.

खाणींवर श्रीमंत झालेला हा माणूस कुळांच्या आणि मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांच्या, मतांवर सत्तेत आला आणि त्यांना विसरला नाही. माझे वडील भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत कूळ होते. १९६४ चा कूळ कायदा झाला, आता आपल्याला कुणी उठवणार नाही हे कळलं, तेव्हा ते रात्री बराच वेळ बांधावर बसून होते, असं आई सांगते. कसणाऱ्याला मालकी देणारी दुरुस्ती १९७६ ची, भाऊंच्या कन्या आणि त्यांच्यानंतरच्या मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकरांच्या काळातली. ती बघायला भाऊ नव्हते, १२ ऑगस्ट १९७३ लाच ते गेले. त्यांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या, त्यातल्याच एकीत, देवळाच्या सभामंडपात बसून मी मुळाक्षरं गिरवली. पुढे तीस वर्षं मास्तरकी केली ती त्या पाटीच्या जोरावर.

आईने चपला काढल्या, केसातली अबोलीची वेणी सोडली आणि समाधीवर ठेवली. ती हात जोडून उभी असतानाच मागून हॉर्न वाजला. पुढे काजूच्या दुकानात मात्र पाऊण तास थांबवलं!

गाडी जरूर घ्या. फक्त दुकान वगळायला आदल्या दिवशीच सांगा आणि मिरामारला तासभर मागून घ्या. पाचपैकी तीन, तेही ड्रायव्हरदादांचे.