डायरीवरचा प्लॉट: इंदूरबाहेरच्या नातेवाइकांना आधी हे वाचायला द्या

माझे ५,८०,००० रुपये अडकलेत आणि पुण्याच्या आतेभावाचे ४,३५,०००. माझे गेले त्याचा संताप आहे, पण दादाचे माझ्या भरवशावर गेले याची लाज त्याहून मोठी आहे. त्याचा फोन आला की हल्ली पोटात गोळा येतो.

डायरी म्हणजे काय हे इंदूरकरांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: मंजुरी आणि रजिस्ट्रीच्या आधीच पैसे घेऊन, डायरीच्या नुसत्या पानावर नाव लिहून केलेला प्लॉटचा सौदा. आमचा प्लॉट उज्जैन रोडच्या बाजूला, २० बाय ५०, भाव १,४५० रुपये फूट, एकूण १४,५०,०००. मी एक लाखाचा चेक दिला आणि ४,८०,००० रोख.

दलालाने दादाला गळ टाकला तो कायद्याचाच. "महाराष्ट्र में खेती की ज़मीन लेने के लिए किसान होना पड़ता है, यहाँ कोई भी ले सकता है।" हे खरं आहे! पुण्याकडे काय किंवा गुजरातेत काय, १९४८ च्या कूळ कायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. मध्य प्रदेशात ते बंधन नाही. दादा तिथेच हरखला. पण शेतजमीन विकत घेणं वेगळं आणि तिचे तुकडे पाडून प्लॉट विकणं वेगळं. त्याला डायवर्शन म्हणजे जमीन बिगरशेती करून घेणं लागतं, टीएनसीपीचा (सरकारच्या नगररचना खात्याचा) मंजूर नकाशा लागतो, कॉलनीच्या विकासाची परवानगी लागते. जागा ५०० चौरस मीटरच्या वर असली की रेरा म्हणजे घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली नोंदणी आलीच, आणि २०१६ च्या त्या कायद्यानुसार नोंदणीआधी बुकिंगच काय, जाहिरातसुद्धा करता येत नाही. अर्धं खरं सांगून उरलेलं त्याने गिळलं. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर इथेही बाहेरच्याला ती सहजासहजी घेता येत नाही, काही भागांत तर मुळीच नाही. हे कोणता दलाल आपणहून सांगतो?

रेरा नंबर मी मागितला होता. "भिया, नंबर आया कि रेट दो हज़ार, फिर मत बोलना।" तेव्हाच उठायला हवं होतं. त्याने पानावर माझं नाव पेनाने लिहिलं आणि प्लॉट नंबर पेन्सिलीने. पेन्सिलीने! मी विचारलंही, तर म्हणे नकाशा फायनल झाला की पक्का करू. खाली कंपनीचं नाव नाही, शिक्का नाही, नुसती आडवी सही. चेक एका भलत्याच माणसाच्या नावाने. आणि रोख रक्कम शून्यं उडवून लिहिलेली: ४८०.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, माझ्या मेव्हण्याचा प्लॉट अशाच पानावर झाला, रजिस्ट्री झाली, तो आज तिथे घर बांधून राहतोय. या शहरात दहा घरं विचारा, दोघांकडे तरी असं पान निघेल.

पण आमचे प्लॉट पाडणाऱ्या कॉलनीवाल्याचा जमिनीच्या मालक शेतकऱ्याशी नुसता इकरारनामा, म्हणजे खरेदीचा करार होता. पुढचे पैसे दिले नाहीत, शेतकऱ्याने सौदा मोडला. खसऱ्यात, म्हणजे इथल्या सातबाऱ्यासारख्या सरकारी नोंदीत, आजही त्या शेतकऱ्याचंच नाव आहे आणि जमिनीवर सोयाबीन उभं आहे. खसरा भूलेख या सरकारी साइटवर मोबाईलवरही दिसतो, बयाणा देण्याआधी बघा. गावाचं नाव आणि खसरा नंबर द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नका.

ठाण्यात गेलो तर "ये सिविल मामला है, कोर्ट जाओ". दुसऱ्या दफ्तरात म्हणाले, प्रकल्प नोंदलेलाच नाही तर तक्रार कशावर घ्यायची? नोंदला नाही हीच तर तक्रार आहे! तिथून तिसऱ्या खिडकीवर. तिथल्या बाबूने पान उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "इसमें तो चार सौ अस्सी रुपये लिखे हैं।" वर मलाच दम, रोख का दिली, इन्कम टॅक्सला कळवू का. कळवा ना! जागेच्या सौद्यात २०,००० किंवा जास्त रोख घ्यायला बंदी आहे आणि तेवढाच दंड घेणाऱ्यावर आहे. हे त्या खुर्चीवर बसणाऱ्याला मी सांगायचं? फसवणारा गाडीतून फिरतोय आणि अर्जाच्या झेरॉक्स मी काढतोय. पोच पावती मागितली तर तीही भांडून घ्यावी लागली.

नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांच्या वर पैसे घ्यायला रेरात मनाई आहे. माझ्याकडून ४० टक्के घेतले, दादाकडून ३०. दादाने निदान सगळे खात्यातून पाठवले, त्यामुळे त्याची केस माझ्यापेक्षा भक्कम आहे असं वकील म्हणतो.

त्याच जमिनीचा नकाशा आता नव्या नावाने व्हॉट्सॲपवर फिरतोय, या वेळी १,६५० रुपये फूट. उज्जैन रोडकडचं, पेन्सिलीने नंबर लिहिलेलं पान ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते फाडू नका, दलालाला परत देऊ नका. बँक स्टेटमेंट आणि त्याचे मेसेज काढून ठेवा आणि मला कळवा. एकत्र अर्ज द्यायचाय.